आप्पांचं पहिलं जाणं

मी आमच्या आप्पांना एकदा जिवंतपणी मारलं होतं. हत्यार म्हणून शुद्ध मराठी वापरलं.

आप्पा म्हणजे माझ्या बाबांचे काका. लग्न न केलेले, डोंबिवलीत एकटे राहणारे आणि जन्मभर शाळेत मराठी शिकवलेले. (शिकवलेलं कसलं, लादलेलं! त्यांच्या वर्गात ऱ्हस्व-दीर्घ चुकलं की मुलं न सांगता अंगठे धरून उभी राहायची.) त्यांच्याच धाकाने मी बी.एड.ला मराठी घेतलं आणि शेवटच्या वर्षी कॉलेजच्या मॅडमनी माझी निवड केली ती थेट मॉरिशससाठी! तिथल्या शाळेत मराठी शिकणारी मुलं आहेत, त्यांना काही महिने सराव म्हणून शिकवायचं. कळव्याच्या आमच्या बिल्डिंगमध्ये बातमी पसरली. खालच्या काकूंनी एकच प्रश्न विचारला, "चारी बाजूंनी समुद्र? मग भाजी कुठून आणतात गं?"

नेमकं तेव्हाच आप्पांच्या हृदयाने काम टाळायला सुरुवात केली. ठाण्याला हॉस्पिटलात ठेवलं. डॉक्टरांनी बाबांना बाहेर बोलावून सांगितलं, "आहेत तोवर आहेत."

घरात रडारड झाली. ती ओसरल्यावर सगळ्यांच्या मनात एकच गोष्ट आली. शेवटी बाबाच म्हणाले, "सोनल, हे बघ. तुझ्या विमानाआधी काही झालं, तर आपल्याला सुतक. सुतकात मी तुला समुद्रापार पाठवणार नाही."

"पण बाबा..."

"पणबिण काही नाही."

तेव्हापासून माझ्या तयारीत दोनच कामं उरली. पाठाचं टाचण काढायचं आणि आप्पांचा श्वास चालू आहे का ते बघायचं. ते झोपले की मी वाकून कान लावायची. एकदा त्यांनी एकच डोळा उघडला.

"अजून आहे," म्हणाले. "तू पाठ सुरू कर."

मग मी पलंगाच्या पायथ्याशी उभी राहून मॉरिशसच्या मुलांना शिकवायची आणि आप्पा ऑक्सिजनची नळी बाजूला सारून म्हणायचे, "भिंतीकडे तोंड करून बोलू नकोस. मुलं पळून जातील."

"बेटावरून कुठे पळणार, आप्पा?"

"तुझं मराठी ऐकून पोहत जातील."

शेजारच्या पलंगावरचा पेशंट हसायचा आणि मग खोकत बसायचा. मीही हसायची. पण खरं सांगते, आप्पा जातील याची भीती जास्त, की मॉरिशस हातचं जाईल याची, हे मी स्वतःला विचारत नव्हते.

आणि एके दुपारी डॉक्टर म्हणाले, "घरी न्या. इथे ठेवून आता वेगळं काही करण्यासारखं नाही." आम्ही यातलं फक्त 'घरी न्या' ऐकलं. आप्पांच्या शेजारचे सामंत गाडी घेऊन आले. आप्पांनी नर्सबाईंचे आभार मानले, चहा मागितला, पण सामंतांना घाई होती. मीही बरोबर निघणार, तर आप्पांनी अडवलं. "तुझी बॅग घ्यायची राहिलीय ना? जा, कल्याणला घे. मी काही लहान नाही."

गाडी निघाली. मी हॉस्पिटलच्या दारात उभी राहून घरच्या ग्रुपवर कळवलं. पूर्ण वाक्यांत, विरामचिन्हांसकट:

"आप्पा गेले. अगदी शांतपणे. नर्सचे आभार मानले. शेवटी चहा मागितला, पण तेवढा वेळ नव्हता. इथलं सगळं आटपलंय. मी आता बॅग घ्यायला कल्याणला जातेय."

हॉस्पिटलात फोन सायलेंटवर ठेवलेला, तो तसाच पर्समध्ये टाकला आणि निघाले!

कल्याणच्या बाजारात मी एका निळ्या बॅगेची चाकं दुकानभर फिरवून बघत होते, तेव्हा सहज फोन काढला. मिस्ड कॉलच मिस्ड कॉल! तेवढ्यात कोपरला राहणाऱ्या मालूकाकूचा पुन्हा आला. ती हुंदके देत होती.

"अगं, तू बॅग घेत्येस? आत्ता?"

"हो. निळी घेऊ की काळी?"

"तुझ्या जिवाला काही वाटतं का गं? आप्पा गेले ना?"

"गेले ना. मीच पाठवलं."

"तू पाठवलंस?"

"मग काय! किती दिवस ठेवणार? बेड अडून राहिलेला."

पलीकडे काहीतरी पडल्याचा आवाज आला (नंतर कळलं, ती मालूकाकूच होती) आणि फोन बंद झाला. लगेच बाबांचा आला.

"सोनल, आम्ही डोंबिवलीला पोचलोय. शववाहिका कुठे अडकलीय? आणि हे बघ, तुझ्या मॅडमना फोन करून तुझं जाणं रद्द केलंय. मला माफ कर, बाळा."

शववाहिका! मी आपलाच मेसेज काढून वाचला. प्रत्येक वाक्यागणिक आप्पा थोडे थोडे मरत गेले. "बाबा, अहो, आप्पा..." एवढंच बोलले आणि फोनची बॅटरी संपली. दिवसभर जे संपतील अशी धास्ती होती ते ठणठणीत गाडीत, आणि संपली ती बॅटरी!

डोंबिवलीला आप्पांच्या सोसायटीत शिरले तर अंगणात ही गर्दी. आमच्याकडे बबनकाका म्हणून आहेत. लग्नात ते कोपऱ्यात पेंगतात, पण मयत म्हटलं की कंबर कसतात. त्यांनी बांबू, मडकं, सगळं आणून तिरडी निम्मी बांधलीसुद्धा होती. आणि त्या शोकसभेत मी खडखडखडखड नवीकोरी निळी बॅग ओढत येतेय! माणसांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मी बॅगेत बसून चेन लावून घ्यायची तेवढी बाकी होती.

तोंड उघडणार, एवढ्यात शिळफाट्याच्या ट्रॅफिकमधून सुटलेली सामंतांची गाडी फाटकाशी थांबली. आप्पा उतरले. तिरडी बघून त्यांनी डोक्यावरची टोपी काढली, चपला सोडल्या आणि गर्दीच्या मागे हात जोडून उभे राहिले. पुढच्या गृहस्थांना हळूच विचारलं, "कोण गेलं हो?"

ते मागे न बघता म्हणाले, "आपले आप्पा."

आप्पांनी मान हलवली. मग, "कसे गेले?"

"शांतपणे म्हणे."

"चहा मिळाला होता का?"

"नाही. वेळ नव्हता."

"तरी मला वाटलंच," आप्पा म्हणाले.

गृहस्थ वळले आणि जागच्या जागी बसले. मग जो गलका झाला! मालूकाकू आप्पांच्या गळ्यात पडून आधीपेक्षा मोठ्याने रडायला लागली. बबनकाका हातात सुतळी घेऊन तसेच उभे. बाबांनी माझ्याकडे बघितलं आणि भिंतीला टेकून लहान मुलासारखे रडले. मलाही रडू फुटलं.

आप्पांना जिना चढवायला दोन माणसं लागली. वर गेल्यावर धाप ओसरली तसा त्यांनी माझा मेसेज मागवून वाचला.

"विरामचिन्हं ठीक आहेत," ते म्हणाले. "पण 'गेले' म्हटलंस, कुठे ते लिहिलं नाहीस. स्थळ नसेल तर वाक्य अपुरं. 'आप्पा डोंबिवलीला गेले.' संपलं! आणि यापुढे मी मेलो तर सरळ 'वारले' लिहा. नुसतं 'गेले' दिसलं, तर आधी विचारायचं, कुठे?"

मग बाबांकडून फोन घेऊन त्यांनी मॅडमना लावला. "नमस्कार. मी सोनलचा दिवंगत आजोबा बोलतोय. तिचं जाणं रद्द करू नका. माझं जाणं पुढे ढकललंय."

मॅडमनी दोनदा नाव विचारून घेतलं. पण माझं मॉरिशस वाचलं.

निघताना बबनकाका अवघडून म्हणाले, "आप्पा, दुकानदार हे सामान परत घेत नाही."

"गच्चीत ठेव," आप्पा म्हणाले. "लागेल."

या वाक्याला कुणी हसलं नाही.

विमानाच्या आदल्या दिवशी मी त्यांच्या पाया पडले. "येते हं, आप्पा."

"ये. आणि मधेच काही झालं तर धावत यायचं नाही. मास्तर तास अर्धा टाकून उठत नाही." जरा थांबून म्हणाले, "मी मात्र 'येतो' म्हणणार नाही हं. खोटं बोलायची सवय नाही मला."

मॉरिशसला मी फळ्याकडे पाठ करून शिकवलं. मुलं पोहत गेली नाहीत. एक दिवस मधल्या सुट्टीत ग्रुपवर बाबांचा मेसेज आला.

"आप्पा गेले."

बस्स, एवढंच. 'वारले' नाही, स्थळ नाही! अपुरं वाक्य बघून मला हसूच आलं. सगळ्या नातेवाइकांसमोर बाबांची चूक काढायची ही संधी मी सोडते थोडीच? मी तीन हसऱ्या चेहऱ्यांसकट ठणकावून विचारलं, "कुठे???"

बऱ्याच वेळाने बाबांचं उत्तर आलं.

"वाक्य पुरं आहे, बाळा."

आणि मला म्हणे तिथे मराठी शिकवायला पाठवलं होतं!