मनकर्णाबाईच्या गळ्यातले घट्टे

मनकर्णाबाईच्या घरी आज काय शिजलं, हे संग्रामपूरजवळच्या त्या गावात कुणाला विचारावं लागत नसे. विषमज्वरातून उठले तेव्हा तिच्या नवऱ्याचे, उकंडरावांचे, कान गेले होते. अगदीच गेले नव्हते. कानाशी तोंड नेऊन जीव खाऊन ओरडलं की पोचायचं. म्हणून मनकर्णाबाई दिवसभर ओरडायची. कापसाचा भाव, कुणाची म्हैस व्याली, कुणाची सून रुसून माहेरी गेली, सगळं.

"आज बेसन का वं, मनकर्णे? आमच्या लेकरायचं आयकूनच पोट भरलं!" शेजारची सत्यभामाबाई कुडावरून टोमणा मारायची.

उकंडराव मात्र डोळे मिटून, सुपारी चघळत ऐकायचे. पारावर त्यांच्यासाठी कोण एवढा घसा फोडणार? त्यांच्यापर्यंत गाव यायचं ते बायकोच्या तोंडून.

एका सुगीत तिचा आवाज बसला तो बसलाच. हळद झाली, ज्येष्ठमध झालं. आवाज फुटक्या मडक्यासारखा. कुणाच्या तरी घशात गाठ निघाली आणि तो माणूस गेला, अशी गोष्ट सत्यभामाबाईनं सांगितली आणि घरात चूल पेटेना. लेक कोकिळा सासरहून धावत आली. तिनं आईबापाला एसटीत बसवून अकोल्याला नेलं.

डॉक्टरांनी फडक्यात जीभ धरून बाहेर ओढली, दांडीचा इवलासा आरसा घशात धरला. बराच वेळ पाहिलं.

"कॅन्सर नाही," ते म्हणाले. कोकिळेला रडूच फुटलं. "आवाजाच्या दोन पट्ट्या असतात. बोलताना एकमेकींवर आपटतात. ओरडून ओरडून दोन्हींवर समोरासमोर घट्टे पडलेत, वखर धरून तळहाताला पडतात तसे. आता काही दिवस अगदी गप्प. कुजबुजसुद्धा नको, तिनंही ताण पडतो. मग हळू बोलायचं. बहुतेक विरतील. नाहीच विरले तर काढू. पण पुन्हा ओरडलात तर पुन्हा येतील. एवढं ओरडता कुणावर?"

मनकर्णाबाईनं बाकावरच्या नवऱ्याकडे बोट दाखवलं. 

बापाच्या कानाशी ओरडून कोकिळेनं सगळं सांगितलं. परतीच्या वाटेवर उकंडराव एसटीच्या खिडकीबाहेरच पाहत राहिले.

मनकर्णाबाईनं तोंड घट्ट मिटून ठेवलं. "काऊन वं, रुसली काय?" उकंडराव थट्टेनं विचारायचे, ती हातानं मारल्यासारखं करायची. सांगायच्या गोष्टी पोटात साठत गेल्या. आणि खरंच, आवाज परत आला, स्वच्छ. कोकिळा सासरी गेली त्याच दिवशी ती नवऱ्याच्या कानाशी वाकली, छाती भरून ओरडली, "अवो! वच्छलाबाईच्या पोरीची सोयरीक जमली, जळगाव जामोदले!"

उकंडराव समोर बघत राहिले. ती पुन्हा ओरडली. त्यांनी तिचा हात धरला. "राहू दे. आता काईच आयकू येत नाई मले. पार गेले कान."

ती खूप रडली. मग तिनं ओरडणं सोडलं. "लग्नाआधीचा गळा आला वं तुले!" सत्यभामाबाई म्हणाली. तो गळा कुणासाठी वापरायचा, हे मात्र मनकर्णाबाईला कळेना. अंगणात ती बोलत असताना बायका हसल्या की उकंडराव उठून गोठ्यात जाऊन बसायचे.

तिथंच एका दुपारी ती त्यांच्या पाठीमागून कडबा घेऊन आली, आणि ते बसले होते त्या बाजेखाली साप दिसला.

"अवो, पाय वर घ्या!" त्यांच्या पाठीशीच ती जीव खाऊन ओरडली.

उकंडरावांनी झटकन दोन्ही पाय वर घेतले. साप भिंतीच्या भोकात शिरला.

त्यांनी वळून पाहिलं. चोरी सापडलेल्या पोरासारखी त्यांची नजर. मनकर्णाबाईच्या हातातला कडबा खाली पडला. इतक्या दिवसांचं सांगायचं राहिलेलं सगळं तिच्या ओठांशी आलं. एक पाऊल पुढं टाकलं की त्यांचा कान होता.

ती जागची हलली नाही. दोन्ही हात लांब करून तिनं सापाची लांबी दाखवली.

"साप व्हता काय वं?" उकंडरावांनी विचारलं.

तिनं नुसती मान हलवली.