मी न मोजलेली रोपं

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही — नवऱ्यालासुद्धा नाही. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणूनच लिहितेय.

तेव्हा आम्ही सिंगापुरात पुंगोलला राहायचो. नवरा चांगी बिझनेस पार्कला नोकरीला, मुलगी शाळेत, आणि मी पॉलिटेक्निकमध्ये निसर्गसंवर्धनाच्या डिप्लोमाला. पस्तिशीत पुन्हा विद्यार्थिनी! पहिल्याच दिवशी ओळख करून देताना फुशारकी मारली — मी कोकणातली, खाडी आमच्या अंगणात. खरं तर मी कोथरूडची. खाडी पाहिली ती एसटीच्या खिडकीतून. पण एकदा बोलून बसल्यावर मागे कशी येणार?

त्यामुळे दर महिन्याच्या खारफुटीच्या मोजणीत चिखलात उतरायचं काम आपसूक माझ्याकडे आलं. पद्धत अशी — एकीनं दोरीनं आखलेल्या चौकोनांत जाऊन रोपं मोजायची आणि आकडा ओरडून सांगायचा. दुसरीनं लाकडी पुलावरून तो परत म्हणायचा आणि लिहून घ्यायचा. माझी जोडीदार हुईमिन. एरवी दवाखान्यात कारकून, कामात भारी काटेकोर.

दुसऱ्या महिन्यात माझा पाय गुडघ्यापर्यंत रुतला. ओढला तर आणखी खाली. मिनिटभरच असेल — पण मी इथेच संपणार असं वाटलं. कसाबसा सुटला. झाडांमुळे हुईमिनला काही दिसलं नाही, आणि कोकणातल्या बाईनं ते सांगायचं तरी कसं?

तिसऱ्या महिन्यात मी झाडांआड गेले आणि चिखलाच्या काठावरच थांबले. पाऊल टाकवेना. पुलावरून हुईमिन विचारत होती, सात नंबरला किती? आणि मी — मागच्या महिन्याचे आकडे आठवून, एखाददुसरा कमीजास्त करून ओरडत राहिले. "ट्वेल्व्ह." "ट्वेल्व्ह, ओके," तिचा आवाज यायचा.

आठवड्यानं आमचे सर स्वतः तिथे जाऊन आले. सातव्या चौकोनात एकही रोप जिवंत नव्हतं. सगळी गाळाखाली कुजली होती, निदान दोन-तीन आठवड्यांपूर्वीच. आम्हा दोघींना बोलावलं. कागदावर अक्षर हुईमिनचं. आता मला काढून टाकतील, घरी कळेल, मुलीला कळेल. हुईमिननं कागद दोनदा पाहिला. मागच्या महिन्याचा तक्ता या कागदाखालीच होता, त्यातलेच आकडे चुकून तिच्या हातून उतरले असतील, असं ती सरांना म्हणाली. मग माझ्याकडे बघून तिथल्या बोलीत — "शी गो इनसाइड द मड, सर. नॉट हर फॉल्ट, लाह."

सरांनी मला विचारलं, असंच झालं का?

मी मान हलवली. हो.

तिला त्या विषयात नापास केलं. पुढच्या सत्रात ती आलीच नाही. माझा डिप्लोमा नवऱ्यानं हौसेनं फ्रेम करून हॉलमध्ये लावला. अजूनही एमआरटीच्या गाडीत तिच्यासारखे आखूड केस दिसले की मी पुढच्या स्टेशनला उतरते. तिनं विचारलंच, तर? किंवा — काहीच न विचारता हसली, तर?

त्या दिवशी मी चिखलात उतरलेच नव्हते. आकडे माझे होते. हुईमिननं मी सांगितला तोच आकडा लिहिला होता.