गुंड्याने मला जागा सांगितली

आधी फशीमावशींचं नाव लिहितो, मग बाकीचं. शहाडला ज्यांच्या चाळीत मी भाड्याने राहायचो, त्या घरमालकीण. जुन्या आगरी. त्या नसत्या तर... जाऊ दे, क्रमाने सांगतो. मी सातवीत शाळा सोडलेला माणूस, चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

असल्या गोष्टींवर माझा विश्वास नव्हता. आमच्या परभणीकडे कुणाच्या अंगात आलं की मी उठून बाहेर जायचो.

साल अठ्ठ्याऐंशी-एकोणनव्वद असेल. उल्हासनगरला जीन्सच्या कारखान्यात धागे कापायला होतो. इथे माझं म्हणावं असं कोणी नव्हतं, एक गुंड्या सोडून – चाळीतलंच कुत्र्याचं पिल्लू, मी वाढवलेलं.

एका रविवारी दुपारी तीनच्या सुमारास बाजारातून आलो, तर नळापाशी गर्दी. गुंड्या भिंतीला टेकून उभा. जबडा उघडा, लाळेच्या तारा, पुढे पाणी ठेवलेलं पण गिळता येईना. शेजारचा दिनेश रिक्षावाला लोखंडी सळई घेऊन आलेला.

"पिसाळलंय. बाजूला हो. पोरं खेळतात इथं."

त्याचं काही चुकत नव्हतं. मलाही तेच वाटलं. शेवटचं बघून घ्यावं म्हणून गुंड्यासमोर बसलो – आणि त्याने सांगितलं.

कसं ते विचारू नका. कानाला काही ऐकू आलं नाही. पण वाक्य अख्खं होतं, आमच्या गावाकडच्या बोलीत – 'वर अडकलंय, आडवं. डाव्या दाढेपाशी. काढ की.'

"पिसाळला नाही तो," मी म्हटलं. "तोंडात काहीतरी अडकलंय. सांगतोय मला."

"तुला सांगतोय?" दिनेश म्हणाला. "मग उद्याचा लॉटरीचा नंबर पण विचार ना रे."

लोक हसले. मी हललो नाही. "मी हात घालणार. नंतर काय करायचं ते करा."

तेवढ्यात फशीमावशी ओटीवरून खाली आल्या आणि दिनेशच्या पुढ्यात उभ्या राहिल्या. "ठेव ती सलई खाली. पोराला बगू दे." मग माझ्याकडे वळून, "नक्की?"

"नक्की."

आत जाऊन गोणपाट आणि लाटणं घेऊन आल्या. गुंड्याला गोणपाटात आवळलं, मान गुडघ्यांत धरली, लाटणं जबड्यात आडवं घातलं. "घाल हात. आनि लवकर, माजे गुडघे काय लोखंडाचे नाय."

घातला. वर, डावीकडे, टाळूला आडवं – बोटभर मटणाचं हाड, दाढांत रुतून बसलेलं. सांगितलं होतं तिथेच. दोनदा निसटलं. तिसऱ्यांदा हातात आलं. गुंड्याने तोंड मिटलं, सरळ बादलीत घातलं, आणि प्यायचा थांबेचना.

तुम्ही कोणी असं करू नका. संध्याकाळी दिनेशनेच मला आणि मावशींना रिक्षातून सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टर खूप ओरडले, पोटात इंजेक्शनं घ्यावी लागली ती लागलीच. परत येताना दिनेश म्हणाला, "नंबर विचारलास का?"

गुंड्या पुढे सहा वर्षं जगला. परत कधी बोलला नाही. मी विचारून थकलो. लोक म्हणतात, लाळ बघून तुला अंदाज आला असेल. असेल... पण डावी बाजू? बाहेरून काहीच दिसत नव्हतं. मला आजही कळलेलं नाही.

मावशी आता थकल्यात. मी डोंबिवलीहून जाऊन येऊन असतो. त्या दिवशी त्यांनी मला एकच शब्द विचारला होता. कधीतरी त्यांनाही असं काही कळेल, जे घरातलं कुणी खरं मानणार नाही. त्या दिवशी मीही तेवढाच एक शब्द विचारीन आणि कामाला लागेन. हे इथे लिहून देतो.