बासीचा महिना

गाडी हलली तेव्हा मी दारात उभा राहून आईला हात करत होतो आणि आई फलाटावरच्या एका निळ्या बॅगेकडे बोट दाखवत होती. मला वाटलं, बिचारीला हातसुद्धा नीट करवत नाहीये. बॅग मंदाची, माझ्या नव्या नवरीची. तिच्या साऱ्या साड्या तीत. चढताना ज्वारीचं पोतं जड म्हणून मी आधी पोतं चढवलं आणि सुटलो म्हणून स्वतः चढलो. मंदा रायपूरला अंगावरच्या साडीनिशी उतरली. ज्वारी मात्र सुखरूप पोचली.

ते पोतं आईनं बांधलेलं. "तिकडं निस्ता भात खातेत म्हणे. ज्वारी संपली का कळवजो." वडिलांच्या लेखी भात म्हणजे तापकऱ्याचं जेवण.

रायपूर तेव्हा नुकतंच छत्तीसगडची राजधानी झालं होतं आणि आमच्या ऑफिसनं तिथं शाखा उघडली होती. शहर नवं, आम्ही नवे. कुणी कुठं बसायचं हे दोघांनाही ठाऊक नव्हतं. समता कॉलनीत वरचा मजला भाड्यानं घेतला. पहिल्याच उन्हाळ्यात शेजारच्या दीदींनी सकाळी वाडगं पाठवलं: रात्रीचा भात पाण्यात भिजवलेला, वर कांदा. आपल्याला उरलंसुरलं दिलं म्हणून मी फणफणलो आणि ते खाली गाईला घातलं. दुसऱ्या दिवशी दीदींनी विचारलं, "बासी कइसे लागिस भैया?" मी म्हणालो, "बहुत बढिया." झालं! उन्हाळाभर वाडगं येत राहिलं. गाय वेळेवर फाटकाशी हजर राहू लागली.

गावाकडून थोरला दादा दरवर्षी ज्वारी पाठवत राहिला. दोन-चार वर्षांत परत जायचंच आहे म्हणून मी भिंतीत खिळा ठोकला नाही. घरमालकाच्या जुन्या खिळ्यांवरच आमची कॅलेंडरं बदलली. पोट्टी, आमची लेक, इथंच जन्मली, मोठी झाली, माझ्या मराठीला हिंदीत उत्तरं देऊ लागली. आई-वडील गेले. तात्पुरतं राहायलाही अंगात बळ लागतं हो. ते संपत आलं होतं.

तुम्ही गावाकडचे फोनवर विचारत होता, रिटायर झाल्यावर कधी येता? मी म्हणायचो, बस, आलोच. मंदाला मात्र रायपूरजवळच, अभनपूरच्या बाजूला लहानसं घर हवं होतं, अंगणात शेवग्यासकट. रोज तोच वाद. शेवटी ती म्हणाली, "अवो, इतके वर्षं इथं राहून तुम्ही इथलं जेवलेच नाही. एक महिना जेवा. इथं पिकलेलं, ह्या मोसमातलं, तेवढंच. मंग म्हणा गावाला चल, मी उद्याच बॅगा भरीन."

"डील पक्की, पापा!" पोट्टीनं परस्पर ठरवून टाकलं. ज्वारीच्या डब्याला कुलूप लागलं.

चैत्र सरत होता. फ्रिजमधली सफरचंदं गेली, फ्लॉवर गेला. भोकराच्या कळ्यांची आंबटसर बोहार भाजी आली, थंडीत वाळवून ठेवलेली लाखडीच्या पाल्याची भाजी आली, महानदीच्या रेतीतलं टरबूज आलं. आणि सकाळी बासी. पहिले काही दिवस मी डोळे मिटून गिळत होतो. भाकरीच्या आठवणीनं डोकं दुखायचं, मग घरातल्यांवर चिडायचो. पुढं चिडायचाही कंटाळा आला. एका दुपारी वीज गेलेली, मी फरशीवर पडलेला, आणि तोंडातून निघून गेलं, "थोडी बासी आहे का गं?" मंदानं उठून वाडगं आणलं, शेजारी कांदा फोडून ठेवला. मला हसायची इतकी सोन्यासारखी संधी तिनं कधीच सोडली नव्हती.

महिना संपला तसं पुतण्याच्या लग्नाला गावी गेलो. भाकरीवर आडवा हात मारला. तिची चव तशीच होती, उगाच खोटं कशाला बोलू? पण रात्री आचवताना मी वहिनीला सहज म्हणालो, "उरलेला भात पाण्यात घालून ठेवा, सकाळी खाईन."

"काहून भाऊजी? पाव्हण्याले का शिळं देऊ?"

ती प्रेमानंच बोलली. मी ज्या चुलीपुढं वाढलो, तिथं पाव्हणा. रात्रभर कूस बदलत राहिलो.

परतताना दादा वर्ध्याला सोडायला आला. माझ्या एका हातात मंदाची बॅग, दुसऱ्या हातात त्यानं बांधून दिलेलं ज्वारीचं पोतं. गर्दी होती. गाडी हलली. मी दारातून हात केला, तर दादा फलाटावरच्या बाकाकडे बोट दाखवत होता. या वेळी लगेच समजलं. बाकावर पोतं, पोत्याशेजारी दादा, दोघं लहान लहान होत गेले.

दादा, ते पोतं तू घरी नेलं असशीलच. खा त्याच्या भाकरी. मी खाली मान घालून जागेवर येऊन बसलो. मंदानं आपली बॅग मांडीवर ओढली, चेन उघडून साड्यांवरून हात फिरवला आणि म्हणाली, "जाऊ द्या. अभनपूरच्या घरात पहिला खिळा तुम्हीच ठोका."