बुटांचा आवाज

मी बोलायला उभा राहिलो आणि समोरच्या चाळीसएक मुलामुलींनी माना बाजूला वळवल्या. कुणी खिडकीकडे, कुणी भिंतीकडे. अंध विद्यार्थ्यांच्या वसतिगृहातला तो लहानसा हॉल. प्रेरणादायी व्याख्यानं देणं हा माझा बारा वर्षांचा व्यवसाय. कंटाळलेला श्रोता मला लांबून कळतो. म्हणून मी आवाज चढवला, व्यासपीठावरच्या येरझाऱ्या वाढवल्या, ठरलेले विनोद केले. हशा आला, पण माना तशाच.

नंतर चहाच्या वेळी वसुधा नावाची, बी.ए.ला असलेली मुलगी जवळ आली. मी हसत विचारलं, "फार कंटाळलात का? सगळेच तोंड फिरवून बसला होतात."

"तोंड फिरवलं नव्हतं सर, कान तुमच्याकडे केला होता. नीट ऐकायचं असलं की आम्ही असंच बसतो." मग म्हणाली, "वडिलांच्या दुकानाचं सांगताना तुमचे बूट वाजायचे थांबले. तेवढंच पाठ केलेलं नव्हतं ना?"

इतकी वर्षं लोकांनी टाळ्या वाजवल्या, माझ्याबरोबर फोटो काढले. इतकं पुरतं मला कुणी ऐकलं नव्हतं. पकडलं जाण्यातही असा आनंद असतो, हे मला ठाऊकच नव्हतं. परतताना गाडीत छाती धडधडत होती, आयुष्यातलं पहिलं भाषण केलं त्या दिवसासारखी.

आता बोलताना माझा एक कान बुटांकडे असतो. ते फार वाजू लागले की मी थांबतो, आणि खरं काय सांगायचंय ते आठवतो.