आबांच्या कोटात बाबा

आमच्या डोंबिवलीच्या घरात दारासमोरच्या भिंतीवर माझ्या आजोबांचा फोटो आहे. पांढऱ्या मिश्या, काळी टोपी, बंद गळ्याचा कोट. लहानपणी परीक्षेला निघालो की त्या फोटोच्या पाया पडल्याशिवाय आई उंबरा ओलांडू द्यायची नाही. आता तो फोटो काही आजोबांचा नाही, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. पण पाया पडायला काय जातं?

आजोबा, म्हणजे बाबांचे आबा, कोकणात गावी वारले तेव्हा त्यांचा एकही फोटो नव्हता. बाबा नुकतेच मानपाड्याच्या एका कारखान्यात लागले होते. दिवसकार्य उरकून ते आबांची टोपी आणि कोट पिशवीत घालून इथे परतले. आमच्याकडे पद्धतच होती तशी: फोटो नसेल तर तोंडावळा जुळणाऱ्या मुलाने गेलेल्याचे कपडे घालून बसायचं, बाकीचं स्टुडिओवाला ब्रशने करायचा. स्टेशनाजवळच्या स्टुडिओवाल्याने बाबांना मिश्या काढल्या, गाल आत घातले, कपाळावर आठ्या ओढल्या. दुधाची तहान ताकावर. पण भाड्याच्या त्या खोलीत फोटोमुळे आपल्यालाही मागेपुढे कुणी आहे असं वाटायचं, असं बाबा सांगत.

गेल्या पितृपक्षात माझी मुलगी कॅमेरा घेऊन बाबांसमोर बसली. ती फोटोग्राफी शिकते आणि गाव सोडून आलेल्या घरांवर तिचं काहीतरी काम चाललंय. मला ही नसती उठाठेव वाटत होती.

"आजोबा, तो फोटो सोडा," ती म्हणाली. "पणजोबा खरे कसे दिसायचे ते सांगा ना."

"सांगतो की." बाबांनी डोळे मिटले. "कपाळ मोठं. गाल बसलेले. मिश्या पांढऱ्या... नाही, काळ्या असतील. का नव्हत्याच?"

ते थांबले. पुन्हा पहिल्यापासून सांगू लागले, आणि पुन्हा भिंतीवरचा फोटोच सांगून बसले. हे त्यांच्या लक्षात आलं.

"ताईला फोन लाव रे," ते मला म्हणाले.

त्यांची ताई, माझी आत्या, जाऊन वर्षही झालं नव्हतं. आबांना पाहिलेलं तिच्यानंतर गावातही कुणी उरलेलं नाही. हे त्यांना आठवलं असावं, कारण मी मोबाइल हातात घेतला नाही तरी त्यांनी पुन्हा लाव म्हटलं नाही.

मुलीने कॅमेरा बंद केला. मला तिचा राग आला, मग त्या स्टुडिओवाल्याचा आला. मग नुसतंच वाईट वाटत राहिलं. समजूत घालायची म्हणून मी म्हटलं, "बाबा, तुमच्यासारखेच दिसायचे ना ते. सगळे तसंच म्हणायचे."

"माझं थोबाड मी रोज बघतो आरशात!" बाबा ओरडले. मग एकदम आवाज खाली आला. "मला माझा बाप आठवत नाही रे."

मी तर आबांना पाहिलेलंही नव्हतं.