वेदगंगेकाठची पहिली इयत्ता

बेळगावच्या शहापुरातल्या मुलींच्या शाळेत मी पहिलीला शिकवते. वर्गात चाळीस मुली, बहुतेक विणकरांच्या घरच्या, आणि दिवसभर उजळणीचा एकच सूर. ट्रेनिंग कॉलेजातली माझी मैत्रीण सुशीला निपाणीजवळच्या एका खेड्यात शिकवते. तिच्या पत्रांत असायचं, की नदीची माती मळून मुली अक्षरं घडवतात, चिंचोक्यांनी बेरजा करतात, कागदाला घड्या घालून अर्धा आणि पाव शिकतात. ती पत्रं वाचली की मला माझ्या वर्गाची लाज वाटायची. जर्मन-जपानची लढाई संपून वर्ष झालं होतं. गेल्या दिवाळीची सुट्टी सरल्यावर चार दिवसांची रजा काढली आणि तिचा वर्ग बघायला निघाले. मोठ्या बाईंनी बजावलं होतं, आल्यावर सगळं लिहून द्यायचं.

बेळगावहून सर्व्हिस मोटार सकाळी सातला सुटते. भाडं सव्वा रुपया. सहालाच जाऊन बसलात तर पुढची जागा मिळते, पण गाडी कोळशाच्या गॅसवर चालते, त्या मागच्या भट्टीचा धूर तिथंही येतोच. पांढरं लुगडं नेसू नका. काकती सोडल्यावर एका चढावर इंजिनाने दम टाकला. ड्रायव्हर "इळीरी, इळीरी" म्हणाला, तसे सगळे उतरून मैलभर चाललो. संकेश्वरला गाडी तासभर थांबते. तिथली मिरचीभजी चांगली, चहा मात्र पाणचट. तवंदी घाट उतरताना खाली तंबाखूची हिरवीगार शेतं दिसली आणि मी लहान मुलीसारखी खिडकीला चिकटले. निपाणीत उतरल्या उतरल्या तंबाखूच्या वासाने शिंका सुरू होतात. ठेच्याबरोबर गरम भाकरी खाल्ली आणि बैलगाडीने दोन कोस गेले.

सुशीला दारातच भेटली. वाळली होती. मी वर्गाबद्दल विचारलं, तर उद्या बघशीलच म्हणाली आणि पाणी तापवायला गेली.

शाळा नदीजवळच, एका देवळाच्या ओवरीत. फळीवर मातीची अक्षरं ओळीने मांडलेली होती. काही 'अ' तर बोटांच्या ठशांसकट वाळलेले. अंगणात मुलींनी दोरीने मापून केलेले वाफे होते, त्यात मेथी उगवून सुकली होती. पत्रात चौतीस मुलींचा पट होता. समोर नऊच बसल्या होत्या, त्याही पाठीवर लहान भावंडं बांधून.

बाकीच्या कुठं आहेत, असं मी सुशीलाला विचारलं. मधल्या सुट्टीत ती मला गावाबाहेरच्या एका पत्र्याच्या शेडकडे घेऊन गेली. आत बाया विड्या वळत होत्या, आणि भिंतीलगत तिच्या पहिलीच्या मुली बसल्या होत्या. वळलेल्या विडीचं तोंड नखाने मुडपायचं, एवढंच त्यांचं काम. मान वर न करता त्या मुडपत होत्या.

मुकादम भला माणूस वाटला. आम्हाला बसायला पोतं दिलं आणि सुशीलाला आदराने म्हणाला, "बाई, तुमच्या साळंतल्या पोरींची बोटं लई चलाख. दुसऱ्या पोरींस्नी शिकवायला म्हैना जातोय. ह्या दोन दिसांत शिकल्या."

ताना नावाच्या सात वर्षांच्या मुलीने सुशीलाला ओळखून हसून सांगितलं, "बाई, पंचवीस झाल्या की दोरा बांधायचा. मला मोजायला कुणी शिकवलं न्हाय हितं. येतंच की मला."

मी विड्यांच्या त्या जुडीकडे बघत राहिले. मोजणी बरोबर होती.

परतताना तानाची आई पाणवठ्यावर भेटली. मी जरा तावातच विचारलं, पोरीला शाळेतून का काढलं. ती रागावली नाही. कळशी खाली ठेवून म्हणाली, "आक्का, हातानंच शिकायचं तर साळा कशाला? साळंत ती मातीची चिमणी करती. हितं सांजच्याला जोंधळं आणती."

त्या संध्याकाळी सुशीलाने घड्यांचे कागद पेटीत घालून कुलूप लावलं. मी म्हटलं, निदान मला तरी शिकव, मी एवढ्या लांबून आलेय. तिने पेटी पाठीमागे सारली.

"न्हेऊ नकोस गं हे तुझ्या शाळेत," ती म्हणाली. "मी त्यांची बोटं तयार करून दिली."

तिचा काय दोष, हे मी परोपरीने सांगितलं. ती ऐकत होती, पण तिला ते पटत नव्हतं. खरं तर मलाही पुरतं पटत नव्हतं. चार दिवसांची रजा असून दुसऱ्या दिवशीच मी परतीची मोटार धरली. घाट कधी आला ते कळलंही नाही.

मोठ्या बाईंना सांगितलं, बघण्यासारखं काही नव्हतं. मग वर्गात रोज उजळणीच म्हणून घेतली. माझ्या मुलींची बोटं तरी कुणाच्या कामाची होणार नाहीत, असं मनाशी धरलं होतं.

होळीपर्यंत माझ्या वर्गातल्या सात मुली शाळा सोडून घरच्या मागाशी सुताच्या कांड्या भरायला बसल्या. कुणीही त्यांची बोटं तयार केलेली नव्हती. मातीचं एक अक्षरही हातात न घेता त्या गेल्या.